सूनबाईची गंधकाची नळी

ही गोष्ट घडली तेव्हा मी अजून आजी झाले नव्हते, त्यामुळे अक्कलही यायची होती. वय म्हणाल तर बावन्न. बावन्नाव्या वर्षी वाटतं, आपल्याला सगळं येतं. साठी ओलांडल्यावर कळतं की येत काहीच नव्हतं, नुसता आवाज मोठा होता.

सूनबाई लग्न होऊन हसनाबादला आमच्या मळ्यातल्या घरी आली ती तीन मासे मांडीवर घेऊन. मागं टेम्पोत कपाट, भांडी आणि काचेची रिकामी टाकी. पुढं नवरी, हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी. वडीगोद्रीपासून इथवर तिनं ती पिशवी कुणाच्या हाती दिली नाही. ते सोनेरी मासे तिच्या वडिलांनी आणून दिले होते, आणि वर्षभरात वडीलच गेले. हे मला माहीत होतं. तरी मी शेजारणीला म्हणालेच, "दूध देत न्हाई, राखण करत न्हाई, असलं कसलं जनावर?"

आमच्याकडं वर्ष काढल्यावर मासे मलूल पडले. सून हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिनं काचेच्या नळकांडीत टाकीतलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, तर पाणी लालभडक.

"आई, पाण्यात नायट्रेट फार झालंय."

"मंग पाणी बदल की."

"बदलून काय उपयोग? बोअरमध्येच आहे ते. वर्षानुवर्षं टाकलेला युरिया खाली उतरलाय. नवं ओतलं तरी तेच येणार."

युरिया टाकणारे आमचे हे तेव्हा पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

मग तिनं नळी बनवली. हातभर लांब, जाड पीव्हीसी पाइप, दोन्ही तोंडांना टोपणं, आत पार्सलनं मागवलेले गंधकाचे गोल पिवळे दाणे. छोट्या पंपानं टाकीतलं पाणी खालून आत जायचं आणि दाण्यांतून सावकाश वर चढायचं. गंधकातून आलेलं पाणी आंबट होतं, म्हणून पुढच्या नळीत संगमरवराचे खडे. शेवटी ठिबकच्या तोटीतून थेंब थेंब परत टाकीत. ती तोटी ह्यांनी मोसंबीच्या ठिबकची काढून दिली. युरियाची भरपाई समजा.

दाण्यांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात आणि पाण्यातलं नायट्रेट संपवतात, असं तिनं मला समजावलं. पण त्यांना तिथं वस्ती करायला पाच-सहा आठवडे लागतात. नळीला आठ दिवस झाले असतील-नसतील, तोवर सातवा महिना लागला, डोहाळजेवण झालं आणि पहिल्या बाळंतपणाला सून माहेरी निघाली. टाकी आली माझ्या गळ्यात.

"आई, सेकंदाला एक थेंब. रोज सकाळी मोजायचा. रविवारी पाणी तपासायचं. पिवळं आलं तर चांगलं, लाल आलं तर अजून वेळ आहे. बाकी कशाला हात लावू नका."

"मी काय लहान लेकरू हाय का?" मी म्हणाले.

होते.

पहिला रविवार लाल. दुसरा रविवार लाल. जन्मभर लाल रंग शुभ मानत आलेली बाई मी, पण आता लाल दिसला की कपाळाची शीर उडायची. धीर हा गुण माझ्यात मुळातच नव्हता. नवी नवरी असताना विरजण लावलं की तासातासाला मडक्यात बोट घालायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, दही हाय ते, बाळंतीण न्हाई. घडीघडी काय इच्यारायलीस?" त्या बिचाऱ्या गेल्या, बोट माझं तसंच राहिलं.

कोठीच्या खोलीत कांद्यासाठी आणलेल्या गंधकाची बॅग होती, दाणेदार. पिवळं तेही, पिवळं हेही. मी विचार केला, थोड्या गंधकानं दीड महिना लागतो, तर जास्त गंधकानं जल्दी होईल. झाकण उघडलं आणि चांगल्या दोन मुठी आत ओतल्या. वर स्वतःचं कौतुकही केलं.

खताचं गंधक मातीत मिसळण्यासाठीच केलेलं असतं. पाणी लागलं की फुगतं, फुटतं, त्याचा चिखल होतो. कांदा लावणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण शेतात ठाऊक होतं, घरात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थेंब मंदावला, तिसऱ्या दिवशी थांबला. संध्याकाळी सुनेचा फोन यायचा. "आई, थेंब कसा आहे?" मी म्हणायचे, "एकदम बराबर!"

चौथ्या दिवशी जालन्याहून वन्सं आल्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. दारातच थांबल्या. नाकाला पदर लावला.

"अगं, श्रावणात अंडी?"

"न्हाई वन्सं, मासे हायेत."

"म्हंजे मासे पण?"

वास सडक्या अंड्यांचाच होता आणि नळीतून येत होता. अडकलेलं पाणी आत कुजलं होतं. वन्संसमोर इज्जत वाचवायची म्हणून मी तोटी पूर्ण उघडली आणि तार घेऊन खुपसली. भसकन काळं-पिवळं पाणी टाकीत आलं. टाकी ढगाळली. तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. अर्ध्या तासात सगळ्यात लहान कुशीवर झाला, आणि नंतर हललाच नाही.

वन्सं म्हणाल्या, "हे बघ, पोटुशी हाय ती. असलं कायी तिच्या कानावर घालायचं न्हाई. तिन्ही मजेत हायेत म्हणून सांग."

हे म्हणाले, "जालन्याहून तसाच एक आणू. रंग बघून घेऊ."

आमच्याकडची रीतच तशी, गरोदर बाईला वाईट कळवायचं नाही. त्या रीतीआड लपायला जागा छान होती. मी लपले होतेच म्हणा, पण काचेत दोन तोंडं उघडझाप करत होती. त्यांना वाचवायची विद्या घरात कुणालाच नव्हती. ती होती त्याच पोटुशीला. मी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, दोन मुठींसकट.

  वन्सं माझ्याकडं असं बघत होत्या की जणू मी पोटुशीला विंचू पाठवलाय.

"बाकीचे दोघं पोहतायत ना?" तिनं विचारलं.

"वरच हायेत, तोंड उघडून."

"मग ऐका, आई. आधी तोटी बंद. हवेचा पंप पूर्ण जोरात. प्यायच्या जारचं पाणी आहे का? टाकीतलं अर्धं पाणी काढा, तेवढं जारचं हळूहळू ओता. मी लाइनवर आहे."

मी बादल्या भरल्या, ह्यांनी उचलल्या, वन्संनी "हळू, हळू" म्हटलं. मग तिनं नळी उघडायला लावली. दाणे नळाखाली जोरात धुवायचे नाहीत, टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलक्या हातानं धुवायचे, नाहीतर बसलेले जंतू जातील. चिखल चाळणीतून वाहून गेला, तिचे गोल दाणे वर राहिले, जरा बुळबुळीत. "तो बुळबुळीतपणाच खरं काम करतो," ती म्हणाली. माझी पिठाची चाळणी त्या दिवशी कामी आली आणि कामातूनही गेली.

दुपार कलली तेव्हा दोघं मासे पुन्हा तळाला गेले. मी फोनवर सांगितलं तेव्हा ती रडली. मघापासून अडवून धरलेलं रडणं होतं ते. मी फोन कानाला लावून उभी राहिले.  मग नाक ओढत ती म्हणाली, "खरं सांगितलंत ते चांगलं केलंत. रोज 'एकदम बराबर' म्हणताना तुमचा आवाज फारच गोड यायचा, तेव्हाच मला शंका आलती."

मेलेला मासा तिच्या सांगण्यावरून मोसंबीच्या बुडाशी पुरला. वन्सं आठ दिवस राहिल्या. सकाळी जप करायला बसत त्या टाकीसमोर, थेंबाला एक मणी. एकशे आठ थेंबांना किती वेळ लागला ते मी घड्याळावर बघायची. माझ्या बोटापेक्षा त्यांच्या माळेवर सुनेचा जास्त भरवसा बसला, आणि मला त्याचा राग आला नाही, हे नवलच.

त्यानंतर दर रविवारी मी नळकांडीचा फोटो पाठवायची. लाल, लाल, नारिंगी. मुलगी झाल्याचा फोन आला त्या आठवड्यात नारिंगी जरा फिकट होतं.

सून परत आली तेव्हा मी दारात भाकरतुकडा ओवाळला, पायांवर पाणी घातलं. तिनं बाळ माझ्या हातात दिलं आणि तडक टाकीकडं गेली. मी ओसरीवर मांडी घालून बसले, नात मांडीवर, नजर आत. तिनं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, पांढऱ्या कागदासमोर धरलं. पाच मिनिटं थांबायचं असतं. ती पाच मिनिटं मला त्या सगळ्या महिन्यांपेक्षा लांब गेली.

"पिवळं," ती म्हणाली. मग खाली वाकून काचेत बघितलं. "आणि दोघं केवढे जाडे झालेत! खायला किती घालता?"

"माहेरवाशीण असल्यासारखं."

ती हसली. "आता सहा महिन्यांनी दाणे भरायचे, आणि ते काम तुमचं."

"माझं? एकाचा जीव घेतला मी."

"म्हणून तर. दुसऱ्या कुणाला ह्या नळीत काय बिघडतं ते कुठं माहितीये?"

मी नातीवर वाकले ती वाकलेलीच राहिले. तिचं टोपडं बांधत होते, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.