बुजवलेली खिडकी

आमच्याकडे कुणी आलं आणि "सूनबाई कुठाय?" असं विचारलं, की मी अंगणाकडे बोट दाखवते. अंगणात जुनी घरगाडी उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. "त्या पायांशी बोला," म्हणते मी. लोक खरंच वाकून बोलतात. ती खालूनच उत्तर देते, हात बाहेर काढून पाना मागते, आणि आलेला माणूस सुटायच्या आत कामाला लागलेला असतो.

नोकरीने ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस. दिवसभर डॉक्टरांच्या हातात एकेक हत्यार द्यायचं आणि रोग्यांना 'आ करा' म्हणायचं. संध्याकाळी घरी आली की गाडीला आ करायला लावायचं.

घरगाडी म्हणजे काय ते मलाही आधी ठाऊक नव्हतं. पुढे ड्रायव्हरची जागा, मागे पलंग, शेगडी, तोंड धुवायची मोरी आणि कपाटाएवढा संडास. माझ्या पहिल्या संसाराची खोली याहून फार मोठी नव्हती, आणि तिला चाकंही नव्हती.

ही गाडी आमच्या दारात आली ती माझ्या कमरेमुळे. मागल्या वर्षी मी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालते, पण बसणं संपलं. जेवण होईस्तोवर कशीबशी बसते, त्यापुढे कंबर बोंब मारते. झोपायचं तेही डाव्याच कुशीवर. उजवीवर वळले की ज्याने खुबा बसवला त्या डॉक्टरांच्या सात पिढ्या आठवतात.

आणि माझी ताई राहते दोन दिवसांच्या वाटेवर. आई गेली तेव्हा मी रांगत होते. ताईनेच मला न्हाऊ घातलं, भरवलं, वेण्या घातल्या आणि वेळ पडली तेव्हा बदडलंही. एक दिवस तिचा फोन आला.

"डोळे चालले गं माझे," ती म्हणाली. "माणूस अगदी नाकाशी आलं तरच चेहरा कळतो. थंडी सरेपर्यंत तेवढंही राहणार नाही म्हणतात डॉक्टर. यायचं तर आत्ता ये. नंतर आलीस तर मी तुला नुसती ऐकीन."

मी "बघू" म्हणाले. बसवत नाही त्या बाईने दुसरं काय म्हणायचं? आगगाडी तिच्या गावाकडे जात नाही, आणि बस काय, विमान काय, सगळीकडे बसावंच लागतं. फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सूनबाई चहा घेऊन आली, कप ठेवून गेली. पुढच्या रविवारी ती ही गाडी घेऊन आली. दवाखान्यात येणाऱ्या एका आजोबांची होती, कित्येक वर्षं झाडाखाली पडून.

"आई, यात तुम्ही झोपून जायचं," म्हणाली.

आमचे चिरंजीव गाडीभोवती फिरून आले. हे कचेरीत कारकून. खिळा ठोकायला दिला तर खिळा शाबूत राहतो, बोट जातं. "अगं, ही गाडी आहे की खुराडं?" ते म्हणाले.

"खुराडंच आहे. तुम्ही बॅटरी धरा."

तेव्हापासून चिरंजीवांचं काम बॅटरी धरायचं. जिथे बघायचं तिथे सोडून सगळीकडे त्यांचा उजेड पडायचा.

ब्रेक, टायर आणि गॅसची नळी तिने गॅरेजच्या मिस्त्रींकडून करून घेतली. मी म्हटलं, "एवढं सगळं स्वतः करतेस, मग हे का नाही?" तर म्हणाली, "आई, दाढ डॉक्टरच काढतात. मी फक्त तोंड धुऊन देते." बाकी मात्र सगळं तिने केलं. नळाचा पंप उघडून साफ केला. गंजलेले स्क्रू बदलले. कपाटांची दारं चालत्या गाडीत उघडू नयेत म्हणून खटके बसवले. माझ्या पलंगाला पट्टे शिवले, ब्रेक लागला तर मी घरंगळू नये म्हणून.

पण गाडी गळत होती. पाऊस आला की नेमकं माझ्या पलंगावर टपटप. पलंगाला लागून भिंतीत एक खिडकी होती, तिची रबरं वाळून तडकलेली. सगळ्यांनी एकमताने खिडकीलाच गुन्हेगार ठरवलं. सूनबाईने खिडकी काढली, बाहेरून पत्रा लावला, आतून प्लाय ठोकला, कडांना सिलिकॉन भरलं आणि वरून पांढरा रंग दिला. इतकं सफाईचं काम, की तिथे कधी खिडकी होती हे सांगून खरं वाटू नये. आम्ही चहा घेतला. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला आणि पलंगावर पुन्हा टपटप.

चिरंजीव म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"काय म्हटलं होतं?"

त्यांना ते आठवेना.

मग तिने दवाखान्यातून टाकून दिलेला एक छोटा आरसा आणला. तोच, तोंडात घालून मागच्या दाढा बघतात तो. छताची एक फळी सैल करून फटीत आरसा सरकवला आणि डोकं वाकडं करून बघत बसली. मी खालून विचारलं, "काय दिसतंय?"

"कीड," ती म्हणाली. "पण इथे नाही. पुढे."

पाणी शिरत होतं पार पुढून, ड्रायव्हरच्या डोक्यावर दिवा बसवलाय तिथल्या एका स्क्रूच्या भोकातून. तिथून आतल्या लाकडाच्या पट्टीवरून सरसर चालत मागे येऊन माझ्या उशीवर उतरायचं. बिचाऱ्या खिडकीवर उगाच आळ. मग सूनबाईने दातातली कीड कोरावी तसं ते कुजलेलं लाकूड आकड्याने कोरून काढलं, टणक लाकूड लागेपर्यंत. नवी पट्टी बसवली, भोक बुजवलं. मग मला पलंगावर निजवून चिरंजीवांना पाइप घेऊन छतावर पाणी सोडायला लावलं. थेंब आला नाही. चिरंजीव मात्र नखशिखांत भिजले.

थंडी पडली. निघायचा दिवस चार दिवसांवर आला. सूनबाई म्हणाली, "आई, आता नीट झोपून बघा. दोन दिवस याच्यावर काढायचेत."

मी डाव्या कुशीवर झाले. उशी, गादी, पट्टे, सगळं मापात. आणि नाकासमोर वीतभर अंतरावर प्लाय. पांढरा रंग दिलेला, छान गुळगुळीत. ऑपरेशननंतर किती दिवस मी भिंत बघत पडले होते ते देवाला ठाऊक. आता दोन दिवस पुन्हा भिंत, फक्त हलणारी. पण बोलायचं कुठल्या तोंडाने? या पोरीच्या हाताला घट्टे पडले होते.

"छान झालंय," मी म्हणाले.

ती दारात उभी होती. मग पायांतल्या चपला काढून ती आत आली, माझ्या मागे पलंगाच्या कडेवर आडवी झाली आणि मला जे दिसत होतं ते बघितलं.

"अरे देवा," एवढंच म्हणाली.

चिरंजीवांनी बाहेरून तोडगा काढला. "उशी दुसऱ्या टोकाला ठेव. तोंड आतल्या बाजूला होईल."

"आतल्या बाजूला काय आहे?" मी विचारलं.

"संडासाचं दार."

"तुझ्या बापाला दाखव ते," मी म्हणाले. तो माणूस स्वर्गात आहे, त्याला चालेल.

सूनबाई हसली नाही. उठून घरात गेली आणि येताना करवतीचं मशीन घेऊन आली. चिरंजीव आडवे आले. "अगं, आत्ता कुठे गळती थांबली! इतके दिवस भोकं बुजवलीस, आणि आता हातभर भोक पाडणार? चार दिवसांत? राहिलं अर्धवट, तर जाणंच रद्द होईल."

मलाही तेच वाटलं. म्हटलं, "राहू दे गं. मला ताई बघायचीय, वाट नाही बघायची."

"आई," ती म्हणाली, "उघड्या डोळ्यांनी जायचं, तर भिंत बघत का जायचं?" आणि मशीन चालू केलं. तिने स्वतः रंगवलेली ती सुरेख भिंत तिनेच कापली.

जुनी खिडकी तिने टाकली नव्हती, पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. नवी रबरं आणली, चौकट घासली. कामावरून आली की कपडे न बदलता तिथेच. खिडकी सगळी उघडायची नाही, वरून बिजागऱ्या असल्याने खालून बाहेर ढकलायची. निघायच्या आदल्या दिवशी चिरंजीव पुन्हा पाइप घेऊन आले, या वेळी रेनकोट घालून. मी आत, काचेला नाक लावून. पाणी काचेवरून धो धो जात होतं आणि माझी उशी कोरडी. त्यांनी बाहेरून मला वाकुल्या दाखवल्या. पन्नाशीचा घोडा, पण लेकरूच.

मग काय सांगू त्या दोन दिवसांचं! जन्मभर मी प्रवास केला तो सामानावर लक्ष ठेवत, पोरांची नाकं पुसत. या वेळी मी पडून नुसतं बघितलं. झाडं, पूल, दोरीवरची लोकांची धुणी, सायकल धरून उभी दोन माणसं. एका वळणावर अवकाळी पाऊस लागला. मी हळूच कडेवरून बोट फिरवलं. कोरडं. पुढून सूनबाई ओरडली, "आई, बोट लावून बघू नका, अपमान होतो!"

ताईच्या दारी पोचलो तेव्हा माझं अंग आखडलेलं. लगेच उठवेना. चिरंजीव म्हणाले, "जरा थांब, मी मावशीला सांगून येतो." पण ताईला कुठला धीर? गाडीचा आवाज ऐकूनच ती काठी टेकत आली आणि पत्रा चाचपडत चाचपडत माझ्या बाजूला पोचली.

"आहेस का गं आत?"

सूनबाईने आतून खिडकी बाहेर ढकलून अडकवली. ताईने डोकं आत घातलं, नाकाला नाक लागेस्तोवर. मी बोलायला तोंड उघडलं.

"गप. आधी बघू दे."

तिने बघितलं. कपाळ, भुवया, हनुवटीवरचा तीळ. तिचे डोळे पाझरत होते आणि माझी उशी, जी पावसात भिजली नाही, ती आता भिजली.

"दात कुठे गेले गं तुझे?" ती म्हणाली.

"डब्यात आहेत. प्रवासात काढून ठेवले."

"सून दातांच्या दवाखान्यात आणि सासू बोळकी!" ताई हसली, मग मान वळवून म्हणाली, "ही खिडकी कुणी केली?"

"सुनेने."

"तिला आण इकडे. डोळे आहेत तोवर तिलाही बघून ठेवते."

सूनबाई गाडीतून उतरून ताईपुढे आली, हात ओढणीला पुसत. केसांत सिलिकॉन तसंच वाळलेलं. ताईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळ ओढला, तशी ती लाजून मान खाली घालायला लागली.

"वर बघ बाई," मी आतून म्हणाले. "आ कर म्हणत नाही, नुसतं वर बघ."