निसिमला हरीण चालतं

निसिम झिराडकर म्हणजे पहिल्यापासून भिडस्त. इतका, की कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात लागला तेव्हा अख्खा विंटर लोक त्याला 'निक' म्हणत होते आणि हा मुकाट्याने ओ देत होता. त्याला नीट निसिम म्हणणारा पहिला गोरा ग्लेन, त्याच्याच शिफ्टमधला. आणि नेमकं त्याच ग्लेनला यानं एकदा लंचरूममध्ये सांगून टाकलं, "डुक्कर नाही, पण हरीण आम्हाला चालतं."

खोटं नव्हतं हो. फाटलेला खूर, रवंथ करणारं जनावर, म्हणजे बेने इस्राएलांना, आपल्या कोकणातल्या ज्यूंना, हरीण चालतंच. फक्त ते सिनेगॉगात प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानने सुरीने रीतसर कापलेलं हवं. बंदुकीने मारलेलं म्हणजे आपल्या लेखी मेलेलं जनावर, ते ताटात येत नाही. हा उरलेला अर्धा भाग सांगायला निसिमने तोंड उघडलं, पण ग्लेनचा चेहरा असा काही खुलला होता की बिचाऱ्याने ते मिटलं. झालं, अडकला.

तेव्हापासून दर वर्षी शिकारीचा सीझन संपला की ग्लेन हरणाच्या खिम्याची पुडकी घेऊन दारात हजर. शोशना, निसिमची बायको, ती घरात ठेवू द्यायची नाही. "अहो, एकदाचं सांगून मोकळे व्हा ना त्याला," ती म्हणायची. "सांगतो गं," म्हणत निसिम ती पुडकी डिकीत टाकून ओकव्हिलला रविकांतकडे पोचवायचा. रविकांत पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मिटक्या मारत खायचा. सोमवारी ग्लेन विचारणार, कसं होतं? निसिम म्हणणार, झकास. एकदा तर या शहाण्याने मसाला कुठला घातला तेसुद्धा सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ग्लेनची बायको डोरीन वारली. पोरं लांब अल्बर्टात. मग ग्लेन रानात हरणं हेरायला जाताना निसिमला बरोबर घेऊ लागला, आणि त्या एकट्या माणसाला नाही कसं म्हणायचं? या रविवारीही निसिम त्याच्या ट्रकमधून आला होता. झाडांना ग्लेनने कॅमेरे बांधले होते. समोर काही हललं की ते आपोआप फोटो काढतात. पहिल्याच कॅमेऱ्यातलं कार्ड काढून ग्लेनने फोनला जोडलं आणि दोघं ओंडक्यावर बसून फोटो बघू लागले. रॅकून, रानटर्की, दोन माद्या. मग तो आला. भरदार मानेचा नर, डोक्यावर ही एवढी शिंगं.

"हा एलियानाच्या लग्नाचा," ग्लेन म्हणाला.

 एलियाना निसिमची एकुलती एक लेक. लग्न डिसेंबरात, टोरोंटोहून हझ्झान येणार, सगळी जमात जेवायला. ग्लेनचं तर सगळं ठरलं होतं. हा नर तो स्वतः मारणार, स्वतः हॉलच्या किचनमध्ये आणून देणार. घरच्या माणसाने लग्नाला रिकाम्या हाताने यायचं का?

ग्लेन बोट सरकवत होता आणि प्रत्येक फोटोत तोच. सोमवारी तोच, मंगळवारी तोच. अरे बाबा, एक दिवस तरी दुसऱ्या वाटेने जा की, निसिम मनातल्या मनात त्याला म्हणत होता. "पक्का आहे बघ," ग्लेन खुशीत म्हणाला. "रोज इथूनच जातो. चुकायचाच नाही."

आता गप्प राहिलं तर लेकीचं लग्न बाटणार आणि बोललं तर हा माणूस जाणार.  खाली मान घालून, अडखळत, निसिमने सगळं सांगितलं. सुरीचं, बंदुकीचं, रविकांतचं.

ग्लेन रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फोनमधून कार्ड काढून घेतलं.

"डोरीन सगळ्यात आधी तुझा खिमा काढायची," तो म्हणाला. "आमच्या खिम्यात डुकराची चरबी घालतात ना, ती तुझ्या खिम्याला लागू नये म्हणून. त्याआधी मशीन उकळत्या पाण्याने धुवायची. शेवटी शेवटी तिच्या हातात जोर नव्हता, तरी मला धुवू द्यायची नाही. म्हणायची, तुझ्याकडून कुठेतरी काहीतरी राहील आणि त्या माणसाचा धर्म बुडेल."

निसिमला रडू फुटलं. ग्लेन ओंडक्यावरून उठला.

"तुझ्या त्या मित्राला तरी आवडायचं ना?"

निसिमने मान डोलावली. ग्लेनने कार्ड परत कॅमेऱ्यात बसवलं, पट्टा आवळला आणि पुढच्या झाडाकडे चालू लागला. अजून तीन कॅमेरे बघायचे होते. ट्रकची किल्ली ग्लेनच्या खिशात होती, म्हणून निसिमही डोळे पुसत मागोमाग गेला.