विरजण राखणाऱ्या बाई

डॉ. यशोधरा डोंगरदिवे यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या जमिनीवर उकिडव्या बसून फुटलेल्या काचा वेचत होत्या. पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरलो होतो आणि विचारत विचारत संशोधन संस्थेपर्यंत चालत आलो होतो. प्रयोगशाळा मदतनीसाची जागा होती. वय बावीस. बारावीला विज्ञानात एकदा नापास होऊन दुसऱ्या खेपेला सुटलेला मी. समोरच्या बाई सफाईला असाव्यात असे समजून मी विचारले, “मावशी, डोंगरदिवे साहेब कुठे बसतात?”

“साहेब नाहीत. मीच आहे,” त्या म्हणाल्या. “पाय जपून टाका, काच आहे.”

मुलाखतीत बाकीच्यांनी माझे गुण पाहिले आणि ते पाहून एकमेकांकडे पाहिले. बाईंनी गुणपत्रिका बाजूला सारली आणि विचारले, घरी विरजण कोण ठेवते. मी म्हणालो, आई. मग त्यांनी विचारले, चार दिवस सगळे परगावी गेलात तर त्या विरजणाचे काय होते. मी सांगितले की आई ते शेजारच्या काकूंकडे ठेवून जाते. त्यांचे बिघडले तर त्या आमच्याकडून नेतात, म्हणून ते गावातून कधी नाहीसे होत नाही. बाई इतरांकडे वळून म्हणाल्या, “यांना काम कळलेलं आहे. उरलेलं मी शिकवीन.”

मला ती थट्टा वाटली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खोली दाखवली, जिथे पुढची सत्तावीस वर्षे माझी जाणार होती. भिंतीभर मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या नळ्या, नळ्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे. प्रत्येक नळीत कुठल्या तरी मातीतला, नदीतला किंवा झाडाच्या सालीवरचा एकेक जिवाणू, नाहीतर बुरशी. त्यांना ठरावीक दिवसांनी ताजे अन्न द्यावे लागते, म्हणजे जुन्या नळीतला कणभर जीव नव्या नळीत घालावा लागतो. पाळी चुकली की जीव संपतो, आणि जो संपला तो पुन्हा मिळेलच असे नाही. आईने रोज रात्री दुधाला लावलेले बोट आणि बाईंनी नळीत फिरवलेली तार, कामात फरक काहीच नव्हता.

बाई मला पहिल्या दिवसापासून “अहो जगताप” म्हणत आल्या आहेत. बावीस वर्षांच्या मदतनिसाला अहो-जाहो करणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. दर शनिवारी काम आटोपले की त्या मला अर्धा तास सूक्ष्मदर्शकापाशी बसवत. मदतनिसाला हे कशाला, असे एका सहकाऱ्यांनी विचारले, तेव्हा बाईंनी उत्तर दिले की नळ्या हेच हाताळतात, काय हाताळतो ते यांनी पाहिलेले बरे. मी श्रावणी सोमवार धरतो. बाईंच्या घरी देव नाही. त्यांचे वडील विदर्भातून पुण्यात कारखान्यात कामाला आले, आणि त्याआधीच घराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. पण सोमवारी बाईंच्या डब्यात एक शेंगदाण्याचा लाडू जास्तीचा असतो. त्याबद्दल त्या बोलत नाहीत, आणि मीही नाही.

त्यांच्या संशोधनाविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी फक्त एका झऱ्याविषयी लिहितो. शहराच्या पश्चिमेच्या टेकडीखाली तो होता. बाई वर्षातून चारदा तिथले पाणी आणायला जात, मी बाटल्या घेऊन मागे. पाणी हाताला नेहमी कोमट लागे. एका खेपेला आम्ही गेलो तर पत्रे ठोकलेले, आत यंत्रे. आज तिथे गाड्या उभ्या करायचा मजला आहे. त्या झऱ्यात जे जीव होते त्यांतले काही आमच्या खोलीत तिसऱ्या मांडणीवर आहेत. दुसरीकडे कुठे असतील तर देवाला ठाऊक.

आता माझ्या चुकीविषयी, कारण पुढच्या गोष्टीत तिला जागा आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला बाई बाहेरगावी होत्या. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते. नांगर, विळा, जे असेल ते. माझी अवजारे ही खोली. मी सूक्ष्मदर्शकाला कुंकू लावले, उबवणीच्या कपाटाला झेंडूची माळ घातली आणि भक्ती जरा जास्त झाली म्हणून निर्जंतुक हवेच्या पेटीत, जिथे आम्ही नळ्या उघडतो तिथे, आत दोन झेंडू ठेवले. दुसऱ्या दिवशी फुले काढून मी त्याच पेटीत महिन्याच्या पाळीचे काम केले. चार दिवसांनी पाहतो तो जीव वाढवायच्या काचेच्या सगळ्या नव्या बशांवर एकच पांढरी लव, मध्यभागी केशरी ठिपका. जुन्या नळ्या शाबूत होत्या म्हणून निभावले, पण महिन्याची मेहनत गेली. बाई परतल्या तेव्हा मी राजीनामा लिहून खिशात ठेवला होता.

त्यांनी बशा उजेडात धरून बराच वेळ पाहिल्या. मग विचारले, फूल कुठल्या बाजारातले. मी सांगितले, मंडईतले. “तुमच्या देवानं पाहुणा पाठवलाय,” त्या म्हणाल्या, “नाव-गाव न सांगता. ठेवून घेऊ.” आणि एका नळीवर त्यांनी लिहिले: ‘झेंडू, जगताप’. पूजेबद्दल एवढेच सांगितले की ती बाहेरून करा. आत फक्त हात धुऊन. तेव्हापासून दर खंडेनवमीला बाई खोलीच्या बाहेर खुर्ची टाकून बसतात, माझे आटोपले की आत येतात आणि शिरा खाऊन कामाला लागतात. राजीनामा खिशातच राहिला. त्या बुरशीची ओळख आजही पटलेली नाही. ती आहे, एवढे आम्हाला माहीत आहे.

गौरव समितीतल्या एका स्नेह्यांनी मला सुचवले की पंचाहत्तरीचा प्रसंग मंगल आहे, गेल्या वर्षीच्या कटू गोष्टी लेखात नसाव्यात. मी विचार केला. गेले वर्ष वगळून बाईंचा गौरव करणे मला जमणार नाही. समितीला वगळायचे असेल तर लेख पूर्ण वगळावा.

गेल्या वर्षी संस्थेचा आदेश आला. ज्या नमुन्यांची ओळख पटलेली नाही, ज्यांवर प्रबंध नाही आणि ज्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, ते महिनाअखेर नष्ट करावेत. खोली नव्या उपक्रमासाठी हवी आहे. बाई निवृत्त होऊन पंधरा वर्षे झाली, तरी त्या रोज येतात. विनावेतन. त्यामुळे आदेशाच्या बैठकीला त्यांना सौजन्य म्हणून बोलावले होते. तिथे एका तरुण अधिकाऱ्यांनी नम्रपणेच विचारले की मॅडम, या सगळ्याचा उपयोग काय सांगता येईल.

बाई म्हणाल्या, “ते आपल्या आधीपासून इथे आहेत. त्यांनी आपल्याला हा प्रश्न विचारला नाही, हे आपलं नशीब समजा.”

कोणी तरी हसले. बाई हसल्या नाहीत. आवाज न चढवता त्यांनी पुढचे वाक्य उच्चारले, आणि मी ते जसेच्या तसे देतो: “नाव नाही, म्हणून बाहेर काढा. हे आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. इथे मी ऐकून घेणार नाही.”

आदेश तरीही कायम राहिला. नष्ट करायच्या नमुन्यांच्या यादीवर सही लागणार होती ती, बाईंच्या निवृत्तीपासून खोलीचा प्रभारी म्हणून, माझी. माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नोकरीची दहा वर्षे बाकी आहेत. हे बाईंना माहीत होते. त्या एवढेच म्हणाल्या की सही तुमची, घर तुमचे, मी काही सांगणार नाही. त्या संध्याकाळी मी यादी घरी नेली आणि देवासमोर बसून वाचली. झऱ्याच्या नळ्या होत्या. शेवटच्या पानावर ‘झेंडू, जगताप’ होते. देवाने काही सांगितले नाही. पण ज्याने पाहुणा पाठवला त्याच्यासमोर बसून त्या पाहुण्याला घालवायची सही करता येईना.

सकाळी खोलीत आलो तर बाई ऑटोक्लेव्हसमोर स्टुलावर बसलेल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाच्या वाफेचे उंच पोलादी भांडे, घरच्या कुकरचा थोरला भाऊ. नको असलेले जीव त्यातच मारतात. आणि नव्या जिवांचे अन्नही त्यातच शिजवून निर्जंतुक करतात. बाईंच्या मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. मी विचारले, हा लावायचा का.

“लावायचा तर. पण अन्न शिजवायला,” बाई म्हणाल्या. “यादीतल्या प्रत्येकाची दुसरी नळी करायची. शेजारी ठेवायला.”

मुलाखतीत मी दिलेले उत्तर त्यांनी जपून ठेवले होते.

पुढचा महिनाभर ऑटोक्लेव्ह दिवसातून तीनदा लागला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई स्टुलावरून हलल्या नाहीत; चिठ्ठ्या लिहीत राहिल्या, डबा तिथेच खाल्ला. बाहेरून पाहणाऱ्याला वाफ दिसे आणि शिट्टी ऐकू येई. तिसऱ्या आठवड्यात तेच तरुण अधिकारी दारात आले आणि म्हणाले की काम जोरात चाललेले दिसते, आपल्या सहकार्याबद्दल आभार.

बाईंनी मान वर केली नाही. “आम्ही मारत नाही आहोत. स्वयंपाक करतोय. हवं तर लेखी देते.”

आणि त्यांनी खरोखर लेखी दिले. कुठली नळी कुठल्या महाविद्यालयात चालली त्याची पूर्ण यादी, संचालकांना प्रत. मी भीत भीत म्हणालो की गुपचूप केले असते तर. त्यावर त्यांनी मला विचारले, तुमच्या आईने कधी पदराआड लपवून विरजण दिले होते का. माती-पाण्यातले हे निरुपद्रवी जीव शिकवण्यासाठी महाविद्यालयांना द्यावेत, असे आमच्या संग्रहाच्या नियमांत पहिल्यापासून आहे. तो नियम बाईंनीच लिहिला होता. तो कुणी वाचला नव्हता, एवढेच.

बाईंचे विद्यार्थी आज ठिकठिकाणी प्राध्यापक आहेत. ते एकेक करून आले. नळ्या नेण्यासाठी पुठ्ठ्याचे मजबूत खोके हवे होते, तेव्हा बाई आणि मी शनिवार पेठेतल्या मिठाईच्या दुकानात गेलो आणि पेढ्यांचे रिकामे खोके मागितले. दुकानदारांनी आधी पाटीकडे बोट दाखवले. तिच्यावर ‘रिकामे खोके मिळणार नाहीत’ असे होते. मग बाईंच्या वयाकडे पाहून विचारले, “एवढे खोके? बारसं आहे का?”

“बारसंच आहे,” बाई म्हणाल्या. “नावं अजून ठरायची आहेत.”

दुकानदारांनी खोके दिले. शेवटचे दोन, झऱ्याच्या नळ्यांचे, मी स्वतः स्वारगेटला नेऊन सातारच्या गाडीत बसलेल्या एका प्राध्यापिकेच्या मांडीवर ठेवले. मी ज्या फलाटावर पिशवी घेऊन उतरलो होतो, त्याच्या शेजारच्याच फलाटावरून तो झरा निघून गेला. झाकणावर दुकानाचे नाव आणि ‘शुद्ध तुपातील’ असे छापलेले होते.

महिनाअखेर मी यादी परत केली. सहीच्या जागी एक ओळ लिहिली: ‘यातील एकही नमुना माझ्या हातून नष्ट होणार नाही.’ बाईंनी ती ओळ वाचली आणि एवढेच सुचवले की शाई जरा फिकी उमटली आहे, पुन्हा गिरवा. मी गिरवली.

आदेश अजून मागे घेतलेला नाही. खोली अजून रिकामी झालेली नाही. माझ्याकडून खुलासा मागवणारे पत्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. रोज सकाळी त्यावरूनच हात फिरवून मी टेबल पुसतो. कोणी ही खोली उद्या जबरदस्तीने बंद केली, तर बाईंना दुःख होईल, मला होईल. पण जे संपवायचे ठरले होते ते आता संपवता येणार नाही. ते शेजाऱ्यांकडे आहे, आणि ते शेजारी बाईंनी घडवलेले आहेत.

सत्काराविषयी विचारायला समिती गेली तेव्हा बाई म्हणाल्या की शाल द्या, शीतकपाटांच्या खोलीत गारठा असतो. नारळ मात्र नको. त्यांनी एक अट घातली आहे आणि ती मी या लेखातून सर्वांना कळवतो. समारंभाच्या दिवशी सभागृहाच्या दारापाशी लाकडी स्टँडवर नळ्या मांडलेल्या असतील. ज्यांच्या हाताखाली प्रयोगशाळा आहे त्यांनी येताना पुष्पगुच्छ आणू नये. जाताना एक नळी न्यावी आणि ती जिवंत ठेवण्याचे कबूल करून वहीत नाव लिहावे.

शीतकपाटात काही जीव वर्षानुवर्षे न हलता राहतात. तसले दीर्घायुष्य मी बाईंसाठी मागणार नाही, आणि त्या ते घेणारही नाहीत. त्यांना विरजणाचे आयुष्य लाभो: रोज ताजे, उबेचे, शेजारीपाजारी पोचणारे. त्यांचे गुडघे त्यांना तिसऱ्या मजल्यापर्यंत आणोत, डोळे बारीक अक्षर लिहू देत, आणि ज्या झऱ्यांची नावे कुणी ठेवली नाहीत त्यांच्यासाठी भांडायला आवाज असाच न चढवता पुरो. बाई देव मानत नाहीत. म्हणून हे मागणे मी माझ्या नावाने करतो.

समारंभ रविवारी आहे. सोमवारी खोली नेहमीप्रमाणे उघडेल. ऑटोक्लेव्ह मी नऊ वाजता लावतो.