चोपड्याच्या सामन्यातला वारा

गोव्यात चोपडे गावी आजही कुणी फुशारकी मारू लागला की बाकीचे विचारतात, "वारो कितलो घातलो रे?" आणि हसतात. म्हणजे, हवा किती भरलीस? हे वाक्य माझे आहे. देवळाच्या अंगणात, भर सामन्यात मी ते एका माणसाला विचारले आणि त्या माणसाने पुढे कधी शिट्टी तोंडात घेतली नाही. चूक त्याची नव्हती. कोणाची होती ते मी परवा चोपड्याच्या सभेत सांगितले. इथे सविस्तर लिहितो, कारण सभेत अर्धे लोक चहा पीत होते.

मी डिचोलीकडच्या एका शाळेत खेळाचा मास्तर. राहायला कारापूरला. सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलचे सामने चालवायला पार पेडण्यापर्यंत जायचो. माझ्या जोडीचा दुसरा पंच सुर्ल्याचा. स्वतःचा खनिजाचा ट्रक चालवायचा, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, आणि शिट्टी अशी खणखणीत की शेजारच्या वाड्यावरची कुत्रीसुद्धा खेळ थांबवत.

चेंडू तपासणे हे मुख्य पंचाचे काम, म्हणजे माझे. चेंडू साधारण सहा फुटांवरून सोडायचा. ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. उसळून तो कमरेच्या वर आणि छातीच्या खाली राहिला की हवा बरोबर. मी बुटका. सहा फूट गाठायला मला हात डोक्याच्या वर न्यावे लागत, आणि बघणाऱ्यांना वाटे, सर देवाला ओवाळतायत. एकदा पसंत केलेला चेंडू मग पंचाच्या ताब्यात राहतो. तो खेळाडूंना सरावालासुद्धा द्यायचा नसतो.

त्या दिवशी देवळाचा वर्धापन दिन होता. जेवणानंतर सभामंडपाच्या गारव्यात माझ्या जोडीदाराने पंपाने हवा भरली, मी चेंडू सोडून पाहिला, आणि पसंत केला. तेवढ्यात गाऱ्हाणे घालणारे, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडे घालणारे आजोबा आले.

"सर, बॉल हांगा दी. देवाक गाऱ्हाणें घालूया, मगे खेळा."

नियम मला पाठ होता. पण आजोबा पुढे म्हणाले, "तुमचेंय नांव घेतां," आणि मी चेंडू दिला. त्यांनी तो दीपस्तंभापाशी, तापलेल्या काळ्या फरशीवर, नारळाच्या शेजारी ठेवला. गाऱ्हाणे लांबले. होडीवाले झाले, बोटीवर गेलेले मुलगे झाले, आजारी म्हशीही झाल्या. ऊन डोक्यावर तसेच. शेवटी आजोबा म्हणाले, "आनी ह्या पंचाक बरी बुद्धी दी रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले. मीही ओरडलो.

चेंडू हातात आल्यावर माझा जोडीदार हळूच म्हणाला, "सर, परत एकदा सोडून बघूया?"

"पास केलेलो बॉल कोण परत तपासता? लोक हांसतले."

लोक हसलेच. चेंडू ससा झाला होता. चोपड्याच्या पोरांनी टाकलेला प्रत्येक बॉल बास्केटच्या कड्यावर आपटून उंच उडायचा. एक तर थेट कुंपणापलीकडे, प्रसादासाठी खोबरे किसणाऱ्या बायकांच्या पुढ्यात जाऊन पडला. त्यातली एक चेंडू डोक्यावर धरून उभी राहिली. "पंचानूं, ह्यो नारळ आमी किसूं काय तुमी परत व्हरतल्यात?"

सगळे अंगण हसत होते आणि मी घामाघूम. मी खेळ थांबवला, चेंडू सोडून पाहिला, तर तो छातीच्याही वर आला. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी मान वळवली, जोडीदाराकडे पाहिले आणि मोठ्याने विचारले, "वारो कितलो घातलो रे?"

बस. तेवढे पुरे झाले. "ट्रकवालो तो! बॉल न्हय, टायर भरल्यान!" मागून कुणीतरी ओरडले. त्याने मुकाट्याने सुई घालून हवा काढली.

मध्यंतरानंतर ऊन माडांच्या मागे गेले. चेंडू निवला आणि भिजल्या पोळीसारखा बसला. आपटला तर गुडघ्याच्या वर येईना. पुन्हा पंप, पुन्हा हशा. "आदीं फुगयलो, मगे मारून टाकलो!" चोपडे हरले. पाहुणेही त्याच चेंडूने खेळले होते, पण हरलेल्या गावाला ट्रकवाला सापडला होता.

संध्याकाळी दीपस्तंभापाशी बसून मी बूट काढले आणि पाय खाली टेकवले. फरशी अजून चांगली कढत होती. मला सगळे कळले: चेंडूतली हवा या फरशीने फुगवली होती, जोडीदाराने जास्त भरली नव्हती. जोडीदार चार हातांवर पंप पिशवीत भरत होता. मी काही बोललो नाही. पुढच्या सामन्याला त्याने ट्रकचे भाडे आहे असे कळवले. त्याच्या पुढच्याही.

यंदा चोपड्याला नवे मैदान झाले. पोरांनी माझा सत्कार ठरवला. सभेत मी उभा राहून म्हणालो, सत्कार नको, आधी ऐका. ऐकून झाल्यावर गाऱ्हाणेवाले आजोबा, आता फार थकलेले, रागाने काठी आपटत म्हणाले, "म्हणजे देवाची चूक?"

"देवाची न्हय. माझी. बॉल माझ्या ताब्यात असायला हवा होता."

"मगे बरें," आजोबा म्हणाले. पोरांनी तिथेच ठरवले, मैदानावरचा पहिला सामना सुर्लेकराने, म्हणजे माझ्या त्या जोडीदारानेच चालवायचा. कळवायचे काम माझ्याकडे आले.

मी तिथूनच फोन लावला. ऊन, फरशी, गाऱ्हाणे, माझे गप्प बसणे, सगळे एका दमात सांगितले.  

"सर," तो म्हणाला, "माका इतलीं वर्सां दिसतालें, हांवेंच चड घातलो. टायर भरपाची संवय, हात चुकलो आसतलो. म्हणून सोडलें मरे तें."

लोकांच्या हसण्याने तो गेला, असे मी धरून चाललो होतो. हवा आपणच जास्त भरली, या स्वतःवरच्या संशयाने तो गेला होता.  मग तो आत वळून ओरडला, "अगो, आयकलें? वारो बरोबर आशिल्लो!"

फोन बायकोने घेतला. तिने मला जे ऐकवायचे ते भरपूर ऐकवले, आणि ते मी उभ्यानेच ऐकले. मग तिने विचारले, "आनी सामनो केन्ना? तेचो पंचाचो शर्ट आतां पोटार बसना. नवो घेवंक जाय."

वेळ आहे, मी म्हणालो. मोठा घ्या.