दोन्हीकडचा वकील

देशी लोकांनी गजबजलेलं नोव्हाय शहर सोडून आम्ही या छोट्या गावात घर घेतलं, तेव्हा घराचे कागद तपासणारा वकील हाच. कोर्टासमोर ऑफिस. घटस्फोट, मृत्युपत्रं, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांच्या केसेस. बरं चाललं होतं त्याचं.

पुढे आमची मराठी मंडळी दर रविवारी पार्कातल्या बेसबॉलच्या मैदानावर क्रिकेट खेळायला लागली आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली. कौन्सिलपुढे हा आमच्या बाजूनं फुकट उभा राहिला. "पार्क सगळ्यांचं आहे!" टेबलावर हात आपटून म्हणाला. परवानगी मिळाली. आम्ही विरघळलोच. गणपतीला तो कुर्ता घालून आला, मोदक सुरी-काट्यानं खाल्ला आणि राज्याच्या विधानसभेला उभा राहतोय म्हणून तिथेच जाहीर करून टाकलं.

मी नुकतीच सिटिझन झाले होते. उत्साहात त्याच्यासाठी फोन केले, दारोदार फिरले. एका शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याची सभा होती. मी मागे कॉफी ओतत होते. एका आजोबांनी विचारलं, "आमच्या नातवंडांच्या मैदानाचं काय?"

"ते बेसबॉलचं आहे आणि बेसबॉलचंच राहील," हा तितक्याच कळवळ्यानं म्हणाला. "बाहेरून आलेल्यांनी इथल्या पद्धती शिकाव्यात."

सभेनंतर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं. "आमची केस तुम्हीच लढलात ना?"

"लढलो. जिंकलोसुद्धा," तो हसला. "तेव्हा तुम्ही माझे अशील होता. आता हे आहेत."

लाज वाटणं तर दूरच, आपण काहीतरी चतुर बोललो याचाच त्याला आनंद!

मी त्याच्या प्रचाराचं काम सोडलं आणि मराठी मंडळात सगळं सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष, आम्हा सगळ्यांचे काका, म्हणाले, "अगं, राजकारणात असं बोलावंच लागतं. निदान आपल्याला ओळखतो तरी."

तो निवडून आला. वसंतात मैदानाची परवानगी संपली, ती कौन्सिलनं वाढवली नाही. त्याला फोन केले तर ऑफिसातली मुलगी गोड आवाजात "कळवते" म्हणायची. आता टीम शेजारच्या गावात, गोदामामागच्या खडबडीत जागेवर खेळते.

तरी दिवाळीला प्रमुख पाहुणा तोच! काकांनी त्याला शाल घातली, नारळ दिला. मग सेल्फीसाठी रांग लागली. त्या रांगेत आमच्या टीमचा कॅप्टन, म्हणजे माझा नवराही होता. घरी येताना गाडीत नवऱ्यानं मोबाईल माझ्यापुढे धरला.

"फोटो छान आलाय गं," तो म्हणाला.