लिंबाची फोड

आमच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनावर दादांच्या, म्हणजे माझ्या दिवंगत वडिलांच्या, नावाची संगमरवरी पाटी आहे. देवाची तांब्याची भांडी घासून झाली की आई त्याच पिळलेल्या लिंबाच्या फोडीने ती पाटीही घासते. या खेपेला सुट्टीत घरी आलो, तेव्हा फोडीखाली उठणारा बारीक फेस मला दिसला. नावाची अक्षरं उथळ झाली होती.

“आई, लिंबू नको गं लावूस. आंबटाने संगमरवर विरघळतो.”

“बघ की कशी पांढरीशुभ्र निघते! कॉलेजात घासायला शिकवलं नाही वाटतं तुला?” ती हसली.

दादांनी दुसऱ्याच्या शेतात राबून मला रसायनशास्त्र शिकवलं. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि काळा कातळसुद्धा हळूहळू कुजवतं, हे त्यांच्याच जिवावर मी वाचलं. त्या कुजण्यातून आमच्या गावची काळी माती झाली आणि तिने आम्हाला पोसलं. पण नावाची अक्षरं विरघळून कुणाचं पोट भरणार?

मी पुन्हा समजावलं, तेव्हा आईचा हात थांबला. अक्षरांवरून बोट फिरवत ती म्हणाली, “म्हणजे मीच पुसत होते होय रे ह्यांना?”

“तसं नाही गं. नुसत्या पाण्याने पूस.”

तिने फोड बाजूला ठेवली आणि ओल्या पदराने पाटी अलगद टिपली. आभाळ भरून आलं होतं. पाऊसही तेच करतो, हे मी तिला सांगितलं नाही.