बोला, कुठे अडकलात?

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला सगळे लिफ्टवालेच म्हणत. त्यांच्याकडे दोन फोन. कामाच्या फोनची काच तडकलेली, कडांना ग्रीस. पण बॅटरी दांडगी आणि घंटी अशी, की लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्यालाही दचकवावी. घरचा फोन गुळगुळीत, देखणा. फोटो असा काढी, की बायकोच्या कपाळावरची आठीसुद्धा सुटत नसे. मात्र तेलकट बोटाला तो ओळख देत नसे. म्हणून कामावर तो पिशवीत, रुमालात गुंडाळलेला असे.

हा फोन धाडला होता लेकीने, ठकूने. ती परगावी नोकरीला लागली. आधी तिचा फोन कामाच्याच नंबरवर येई आणि हे सवयीने म्हणत, "बोला, कुठे अडकलात?" कुणी ना कुणी दोन मजल्यांच्या मध्ये कोंडलेलं असायचंच, तेव्हा ते शब्द जिभेवर घर करून बसलेले.

"बाबा, मी गिऱ्हाईक आहे का?" ठकू रुसली आणि तिने नवा फोनच पाठवला. "हा फक्त घरचा. यावर माणसासारखं बोलायचं."

मग ते माणसासारखं बोलू लागले.

"जेवलीस का?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो."

"मग ठेवू?"

"ठेवा."

फोन लाखाचा, बोलणं कवडीचं!

"अहो, पोर काहीतरी लपवतेय," बायको म्हणाली. "आवाज बघा कसा ओढलेला येतो."

"नव्या फोनमध्ये तसाच येत असेल," ते म्हणाले खरे, पण घास तोंडातच फिरत राहिला. बायकोने देवापुढे हात जोडले. पोरीला बोलती कर, एवढंच मागणं.

एका दुपारी ते लिफ्टच्या टपावर उभे राहून तारा तपासत होते. कामाचा फोन खणखणला. नंबर न बघताच त्यांनी तो कानाला लावला.

"बोला, कुठे अडकलात?"

पलीकडे कुणी बोलेना. ही शांतता त्यांच्या ओळखीची होती. अडकलेला माणूस आधी बोलतच नाही, त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते.

"घाबरू नका. आत हवा येते. दार ओढू नका. मी आहे इथे. सांगा, कितव्या मजल्यावर?"

हुंदका आला. "बाबा, मजला नाही हो सांगता येत..."

ठकूच होती. घरचा फोन पिशवीतच वाजून थांबला म्हणून तिने हा लावला होता. नोकरी केव्हाच सुटली होती. रोज आवरून ती खोलीतच बसून राही. "एवढा फोन पाठवून मिरवलं. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

'वेडे, आधी का नाही बोललीस?' हे अगदी ओठांवर आलं होतं. पण अडकलेल्याला "जिने नव्हते का?" असं त्यांनी उभ्या आयुष्यात विचारलं नव्हतं. त्यांनी पक्कड खाली ठेवली, टपावरच बसकण मारली.

"बरं. दार ओढू नकोस. बोलत राहा, मी ऐकतोय."

ती बोलत राहिली. खालून रखवालदार ओरडला, "अहो, झालं का?"

"थांबा हो, आत माणूस आहे!"

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. उद्या तिला आणायला जायचं ठरलं. बायकोने डोळे पुसत देवाकडे पाहिलं. "ऐकलं बाई माझं."

"ऐकलं," लिफ्टवाले कामाचा फोन चार्जिंगला लावत म्हणाले, "पण कामाच्या नंबरवर."